दर मिनिटाला एक चित्र

चिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून लहानपणी ते चिकटलं आणि छत्तिशी आली तरी सुटलं नाही. ऑफिसात मात्र गेल्या सहा महिन्यांत तिला वेगळंच नाव पडलं होतं आणि ते तिच्या तोंडावर कुणी घेत नसे.

ऑफिस म्हणजे एका पार्सल कंपनीचं तक्रार खातं. लांबट हॉल, बावन्न टेबलं, बावन्न कॉम्प्युटर. कुणाचं पार्सल हरवायचं, कुणाचं फुटायचं, कुणाचं भलत्याच दारात जाऊन पडायचं, आणि मग तो माणूस तावातावाने लिहायचा. ते वाचायचं, पार्सलाचा माग काढायचा आणि समोरच्याचा पारा उतरेल असं उत्तर पाठवायचं, हे तिथलं काम. चिमीने ते नऊ वर्षं केलं आणि चांगलं केलं. शिव्या देणारी माणसं तिच्या दुसऱ्या पत्राला आभार मानून मोकळी व्हायची.

मग वरून हुकूम आला आणि प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर बसलं. कंपनीने त्याला दिलेलं नाव हातभर लांब होतं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला सासूबाई म्हणालं आणि तेच रूढ झालं, कारण काम तेच होतं. किती वाजता बसलीस, किती वेळ हात रिकामे होते, कामाच्या वेळात कुठे कुठे डोकावलीस, सगळ्याची नोंद. बोटं चालू असली की नावापुढचा ठिपका हिरवा. पाच मिनिटं हात थांबले की पिवळा. दहा मिनिटं थांबले की करडा. शिवाय दर दहा मिनिटांनी प्रत्येकाच्या पडद्याचं एक चित्र सासूबाई गुपचूप टिपून ठेवायची.

लोकांनी आपापले उपाय शोधले. एकाने माउसखाली टिकटिकणारं मनगटी घड्याळ ठेवून बघितलं. एकीने स्पेसच्या बटणावर स्टेपलर ठेवला आणि चहाला गेली. परत येऊन बघते तर एका गिऱ्हाईकाच्या पत्रात अडतीस कोरी पानं.

ही चित्रं बघायला माणूस लागतो. साहेबांनी चिमीला बोलावून सांगितलं, "तुम्ही जुन्या, विश्वासू. शिवाय उगाच कुणाच्या मागे लागणाऱ्या नाहीत." हॉलच्या टोकाला काचेची केबिन मिळाली, खुर्ची चांगली मिळाली, आणि त्याच दिवसापासून जेवायच्या टेबलावर ती आली की गप्पा थांबायला लागल्या. सासू आली म्हटल्यावर नणंद हवीच, असं कुणीतरी म्हणालं आणि तिचं नाव नणंदबाई पडलं. गंमत अशी की ती खरोखरच तिथल्या एकीची नणंद होती. तिची वहिनी तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची. चार वर्षांपूर्वी चिमीनेच खटपट करून तिला तिथे चिकटवलं होतं.

तर एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चिमी नेहमीसारखी चित्रं चाळत होती. तक्रार, तक्रार, रिकामा पडदा, कुणाचं क्रिकेट, तक्रार. क्रिकेटवर तिने 'खासगी' असा शिक्का मारला. आठवड्यात तीन शिक्के झाले की नाव आपोआप साहेबांकडे जायचं. पुढचं चित्र वहिनीचं होतं. पार्सलाचं नव्हतं. भाड्याच्या घरांची जाहिरात होती. एक खोली, ओटा, स्वतंत्र न्हाणीघर, पाण्याच्या टाकीमागे. एकट्या बाईला प्राधान्य.

चिमीने चित्र मोठं केलं, लहान केलं, परत मोठं केलं. कुणासाठी तरी बघत असेल, असं म्हणून तिने त्यावर 'काम' असा शिक्का मारला आणि पुढे गेली. पण पुढची वीस चित्रं तिने पाहिली ती नुसत्या डोळ्यांनी.

बुधवारी वहिनीच्या पडद्यावर एका शाळेचा प्रवेश अर्ज होता. मुलगी, इयत्ता पाचवी, वर्षाच्या मधूनच शाळा बदलायची आहे. दादाची मुलगी पाचवीतच होती. गुरुवारी एक पत्र होतं, अर्धवट टाइप केलेलं. वरचा भाग दुसऱ्या खिडकीने झाकला होता आणि खाली एवढंच दिसत होतं: 'मला आणि माझ्या मुलीला यापुढे त्या घरात राहणं शक्य नाही. याबाबत कायद्याने काय करता येईल ते'. तिथेच चित्र संपत होतं.

दादा म्हणजे देवमाणूस, निदान तिच्या लेखी. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, घरी आला की मुलीला अभ्यासाला घेऊन बसायचा, बायकोला वाकडा शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग झालं काय? काचेतून तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. वहिनी मान खाली घालून टाइप करत होती. ठिपका हिरवागार.

विचारायचं तर काय विचारायचं? तुझ्या पडद्यावर मी अमुक वाचलं म्हणून? दुपारी जेवताना दोघी शेजारी बसल्या. वहिनी म्हणाली, "तुझा चेहरा का असा?" चिमी म्हणाली, "डोकं दुखतंय." वहिनीने पर्समधली गोळी काढून दिली आणि चिमीने नसत्या डोकेदुखीची ती गोळी मुकाट्याने गिळली.

जागेवर परत आल्यावर तिने एक गोष्ट केली. सासूबाईच्या पोटात शिरून एकेका कॉम्प्युटरची वेळ बदलता यायची. कुणावर फारच संशय असेल तर वापरायची ती सोय होती, आणि सहा महिन्यांत चिमीने ती कधी वापरली नव्हती. वहिनीच्या नावापुढचे दहा खोडून तिने एक लिहिलं. दर मिनिटाला एक चित्र.

त्यानंतर तिला चैन कसली ती राहिली नाही. बावन्न माणसांची चित्रं साठत गेली आणि ती एकाच माणसाची बघत बसली. मिनिटभर थांबायचं, चित्र यायचं, त्यात पार्सलच असायचं, की पुन्हा मिनिटभर थांबायचं. उठून पाणी प्यायला जावं तर वाटायचं, एवढ्यात एखादं चित्र येऊन गेलं असेल. शुक्रवारी टाकीमागच्या त्याच खोलीची जाहिरात परत उघडली गेली, आणि बसचा नकाशा. तिने सगळ्यांवर 'काम', 'काम', 'काम' असे शिक्के मारले. वहिनीला आपण वाचवतोय असं तिला वाटत होतं. आणि बघायचंही थांबवत नव्हती.

रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. दर रविवारी जायची, पण त्या दिवशी तिचे डोळे घरभर फिरत होते. माळ्यावरची निळी बॅग खाली काढलेली होती.

"ही कशाला काढली?" तिने विचारलं.

"कोपऱ्याची शिवण उसवलीय," वहिनी म्हणाली. "शिवून ठेवते. लागतेच कधी ना कधी."

दादा जमिनीवर बसून स्टुलाचा डुगडुगणारा पाय ठोकत होता. मुलगी त्याच्या पाठीवर रेलून आत्याला शाळेतल्या गमती सांगत होती. वहिनीने भाजीत दोनदा मीठ टाकलं. दादा ती भाजी काही न बोलता खात राहिला, नंतर हळूच दह्याची वाटी पुढे ओढली, आणि ते बघून चिमीचे डोळे भरून आले. या माणसाला काही म्हणजे काहीच ठाऊक नाही, असं तिला वाटलं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती डबा न खाताच निघाली आणि दादाच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत घासायचं यंत्र घरघरत होतं. ते बंद करून दादाने हात पुसले. चिमीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: खोली, शाळा, पत्र, बॅग.

दादा बराच वेळ हातातल्या काचेची कड बोटाने तपासत राहिला.

"तू कुठे पाहिलंस हे?"

"माझं कामच आहे ते."

"मी काय केलं गं, चिमे?" एवढंच तो म्हणाला.

"तिलाच विचार, दादा. आज घरी गेल्यावर सरळ विचार."

"विचारतो," दादा म्हणाला.

पण सरळ विचारणं हे दादाच्या स्वभावात नव्हतं. कुणाशी वाकडं बोलायची वेळ आली की तो लांबचा वळसा घ्यायचा. चिमी गेल्यावर तासभर त्याने कशीबशी एक काच घासली, तीही तिरकी. मग त्याने फोन उचलला आणि आपल्या साडूला लावला.

हा साडू म्हणजे वहिनीच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा. मोटार चालवायला शिकवायचा त्याचा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, "सावकाश, सावकाश, घाई नाही," असं इतकं गोड म्हणायचा की घाबरट माणसंही त्याच्याकडे शिकायला जायची. लग्नकार्यात सगळ्यांच्या बॅगा उचलायचा. दादाला तो फार शहाणा वाटायचा.

"साडूभाऊ, एक विचारायचं होतं," दादा म्हणाला. "आमची ही एक खोली बघतेय म्हणे, पाण्याच्या टाकीमागे. मुलीची शाळाही बदलायची आहे तिला. अक्कांजवळ काही बोलली आहे का, जरा काढून घेता का?"

पलीकडे गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"टाकीमागे," साडू म्हणाला. "बरं झालं मला सांगितलंत. तुम्ही निश्चिंत राहा. मी विचारतो हिला."

मंगळवारी सकाळी चिमी वेळेच्या अर्धा तास आधीच ऑफिसात येऊन बसली. दादाने काही कळवलं नव्हतं. वहिनी आली, बसली, ठिपका हिरवा झाला. चेहऱ्यावरून काही कळेना. चिमी मिनिटामिनिटाला येणारी चित्रं बघू लागली. फुटलेली फुलदाणी. हरवलेले बूट. पुन्हा हरवलेले बूट.

अकरा वाजून चार मिनिटांनी आलेल्या चित्रात पार्सल नव्हतं. एक पत्र उघडलेलं होतं, चार ओळींचं.

'मी तुमच्या बहिणीच्या खालच्या मजल्यावरची शिलाईवाली. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून तुम्हाला लिहिते. काल संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांना खोलीचं कळलं. फोन काढून घेतला आहे. आज बाहेरून कुलूप लावून गेले. मुलगी शाळेत आहे. एक वाजता जेवायला परत येतात. काय ते लवकर करा.'

चिमीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. एकट्या बाईसाठी खोली. पाचवीतली मुलगी, अक्कालाही मुलगी होती, दादाच्या मुलीच्याच वयाची. 'मला आणि माझ्या मुलीला'. वहिनी ते पत्र स्वतःसाठी लिहीत नव्हती. आणि खोलीचं त्या माणसाला कळलं ते कुठून, हेही चिमीला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढचं मिनिट गेलं. चित्र तेच. आणखी चार गेली. तेच. वहिनीच्या नावापुढचा ठिपका पिवळा झाला. चिमीने काचेतून पाहिलं. वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली होती, आणि तिच्या शेजारची बाई तिला काहीतरी विचारत होती ते तिला ऐकूच येत नव्हतं.

चिमी केबिनमधून निघाली आणि सरळ तिच्यापाशी गेली.

"वहिनी, चल. जिन्यात चल जरा."

जिन्यात कुणी नव्हतं. वहिनी भिंतीला टेकली. "चिमी, मला आत्ताच्या आत्ता सुटी हवीय. साहेबांना तू काहीतरी सांग. अक्काला..."

"मला माहीत आहे," चिमी म्हणाली. "कुलूप लावलंय. एक वाजता तो येतो."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "पत्र येऊन दहा मिनिटं झाली नाहीत. तुला कसं कळलं?"

चिमीने सांगितलं. सगळं सांगितलं, दहाचा एक केला तेही आणि दादाच्या दुकानात गेली तेही. सांगताना ती जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत होती.

"म्हणजे यांनी भाऊजींना फोन केला," वहिनी हळू आवाजात म्हणाली.

"केला असणार. मी दादाला म्हटलं होतं, तुलाच विचार."

"यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून तर मी घरातून एक अक्षर लिहिलं नाही. भाऊजी अक्काचा फोन रोज बघतात. बाजारात किती वेळ लागला ते विचारतात. म्हणून ती शिंपिणीकडून लिहायची आणि मी इथून." वहिनीने श्वास घेतला. "इथे तू बघत होतीस हे मला माहीत होतं, चिमी. मला वाटलं, तू आहेस तर काळजी नाही. रोज वाटायचं, आज ही विचारेल. विचारलंस तर सांगायचं, असं ठरवलं होतं मी. अक्काने शपथ घातली होती, तरी सांगणार होते."

चिमीचं नख कठड्यावर थांबलं.

"आठवडाभर बघत होतीस. एकदा विचारलं नाहीस."

"वहिनी, नंतर मला काय बोलायचं ते बोल. आता निघू या."

त्या कुणालाही न सांगता निघाल्या. रस्त्यावर चिमीने दादाला फोन केला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मोठ्या बहिणीसारखी बोलली. "दुकान बंद कर आणि अक्काच्या घरी ये. येताना हत्यारं आण. का ते तिथे सांगते."

पोचल्या तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिलाईवाली बाई गळ्यात टेप अडकवून दारातच उभी होती. काही न विचारता ती त्यांना वर घेऊन गेली. दाराला बाहेरून कडी, कडीला मुठीएवढं कुलूप.

"अक्का," वहिनीने दाराला तोंड लावून हाक मारली.

"आलीस?" आतून आवाज आला, अगदी साधा, चहाला बोलावल्यासारखा. "मुलीला आधी शाळेतून काढ. ते शाळेत गेले तर संपलं."

वहिनीने चिमीकडे पाहिलं, मग दाराकडे. दोन ठिकाणी तिला एकाच वेळी असायला हवं होतं. "मी शाळेत जाते," ती म्हणाली. "मला बाई ओळखतात. तू इथे थांब." आणि जिना उतरूनही गेली.

दादा घामाघूम होऊन आला. त्याने हत्यारं आणली होती ती चष्म्याची. चष्म्याचे बारीक स्क्रू पिळायचे काडीएवढे स्क्रूड्रायव्हर. चिमीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

"तू हत्यारं म्हणालीस," तो म्हणाला.

शिलाईवाली खाली पळाली आणि मशीन खोलायचा लाकडी मुठीचा मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. कुलूप काही तुटण्यातलं नव्हतं, पण कोयंडा चार स्क्रूंवर होता. दोन सहज निघाले. उरलेल्या दोन्हींवर तेलरंगाचे थर चढले होते आणि खाच दिसतच नव्हती. दादाने नाजूक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या खाचा कोरायला घेतल्या. काच घासताना करतो तसा जीभ दातात धरून, श्वास रोखून. चिमी जिन्याच्या खिडकीतून रस्ता बघत होती आणि दर गाडीला मान मागे घेत होती. साडेबारा. बारा पस्तीस.

"चिमे, मीच सांगितलं ना त्याला," दादा मान वर न करता म्हणाला.

"आधी मी तुला सांगितलं."

तिसरा निघाला. चौथा अर्ध्यात तुटला, पण दादाने खांदा लावला तशी फळीसकट कडी सुटली. आत अक्का चप्पल घालून, हातात एक फाइल आणि कापडी पिशवी घेऊन तयार उभी होती. उंच, किडकिडीत बाई. तिने घराकडे मागे वळून पाहिलं नाही. शिलाईवालीच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला काही त्रास नाही ना होणार?"

"मी मशीन चालवत होते. मला काही ऐकू आलं नाही," ती बाई म्हणाली.

टाकीमागच्या खोलीवर जाण्यात अर्थ नव्हता. तो पत्ता आता फुटला होता. दादाच्या घरी तर तो पहिला येणार. उरलं चिमीचं घर. वर्षभरापूर्वीच ती तिकडे राहायला गेली होती आणि साडूला ते माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दीड वाजता अक्का पोचली आणि पावणेदोनला वहिनी मुलीला घेऊन आली. मुलीच्या पाठीवर दप्तर होतं. तिने आईला पाहिलं आणि विचारलं, "आता आपण इथे राहायचं?" अक्का म्हणाली, "काही दिवस." मग मायलेकी पलंगावर बसल्या आणि बाकीचे तिघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती.

साडू त्याच संध्याकाळी दादाच्या दुकानात आला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, ही चिडली आहे जरा. कुठे आहे ते सांगा, मी समजूत घालतो." दादाने यंत्र सुरू केलं. साडू पुन्हा म्हणाला. दादा म्हणाला, "ऐकू येत नाही," आणि काच घासत राहिला. ज्या माणसाला आयुष्यात खोटं बोलणं जमलं नव्हतं, त्याने त्या दिवशी दुकान बंद होईपर्यंत यंत्र बंद केलं नाही. साडू आणखी दोनदा आला. मग अक्काच्या वकीलबाईंचं पत्र गेलं, पोलीस चौकीवर तक्रारीची नोंद झाली, आणि त्याचं येणं थांबलं.

ऑफिसात दुसऱ्याच दिवशी साहेबांनी चिमीला बोलावलं. समोर एक कागद होता.

"न सांगता गेलात, त्याचं मी बघून घेईन," साहेब म्हणाले. "घरात काही झालं असेल. पण हे काय आहे? एकाच कॉम्प्युटरची वेळ दहाची एक केलेली. तीही तुमच्या भावजयीच्या. आणि खासगी चित्रांवर 'काम' असा शिक्का, एकोणीस वेळा. तिच्यावर नजर ठेवत होतात की तिला पाठीशी घालत होतात?"

"दोन्ही," चिमी म्हणाली.

साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. वहिनीला लेखी समज मिळाली. चिमीची केबिन गेली आणि ती पुन्हा पत्रांची उत्तरं लिहायला पाचव्या रांगेत येऊन बसली. काचेमागे आता एक नवा तरुण होता, कानाला सतत काहीतरी लावलेला. पहिले काही दिवस चिमीला सारखं वाटायचं की मानेवरून मुंगी चालतेय. लिहिता लिहिता ती थांबायची, आणि आपण थांबलो म्हणून दचकायची.

अक्का पाच आठवडे तिच्याकडे राहिली. वहिनी रोज ऑफिसातून बहिणीला भेटायला यायची. चिमीशी बोलायची ते कामापुरतं. दूध आणलंय का. मुलीचा गणवेश वाळलाय का. चिमी दार उघडायची, चहा ठेवायची आणि काहीतरी निमित्त काढून खाली फेऱ्या मारत राहायची. इमारतीभोवती सात, आठ, नऊ. वर जावं तर त्या दोघींचं बोलणं थांबेल अशी तिला धास्ती वाटायची.

एकदा ती वर आली तेव्हा अक्का म्हणाली, "बैस गं. किती फिरशील? तू बोलली नसतीस तर मी अजून सहा महिने नुसत्या जाहिरातीच बघत बसले असते. कुलूप लागलं म्हणून सुटले."

वहिनी कपडे घडी करत होती. "असं म्हणू नकोस, अक्का," ती म्हणाली. "त्या दिवशी तो बारालाच आला असता तर? ती तुझ्यासाठी बघत नव्हती."

अक्काने ढिगातला एक कपडा आपल्याकडे ओढून घेतला. वहिनी म्हणाली ते खरं होतं.

मग अक्काला गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाली. शिलाईवालीच्या ओळखीने एका कपड्यांच्या कारखान्यात मापं घ्यायचं कामही लागलं. एका रविवारी सगळ्यांनी मिळून सामान हलवलं. दादाने आधी जाऊन दाराला आतून दोन कड्या बसवल्या, आणि बाहेरची कडी काढून टाकून तिची भोकं लांबी भरून बुजवली. मुलीने कुठल्या भिंतीला पलंग लावायचा ते तीनदा बदललं. संध्याकाळी दादा तिथेच थांबला, नळ गळत होता म्हणून, आणि चिमी नि वहिनी परत यायला निघाल्या.

बसथांब्यावर दोघीच होत्या. चिमी थांब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.

"एका जागी उभी राहा," वहिनी म्हणाली.

चिमी उभी राहिली.

"मला अजून राग आहे," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे."

"जाईल की नाही, ते मलाच माहीत नाही. तू विचारू नकोस."

"नाही विचारत," चिमी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तू कशी आहेस, एवढं विचारू का?"

वहिनीने रस्त्याकडे पाहिलं. "दमलेय," ती म्हणाली. "पाच आठवड्यांत हे कुणी विचारलं नाही मला. अक्काचंच विचारतात सगळे."

बस आली ती भरलेलीच. एकच जागा होती. चिमीने वहिनीला पुढे केलं आणि वरचा दांडा धरून तिच्याजवळ उभी राहिली. तिच्या खांद्याला सामानाच्या दोऱ्यांची, फडक्यांची, उरलेल्या खिळ्यांची जड पिशवी होती. पुढच्या थांब्यावर गर्दी आणखी आत रेटली. वहिनीने तिच्याकडे न बघताच हात वर केला, पिशवीचा बंद तिच्या खांद्यावरून ओढून घेतला आणि पिशवी आपल्या मांडीवर ठेवली.